चार माणसांसाठी

पाककृतीच्या पुस्तकाचे परीक्षण करताना समीक्षक मंडळी चव, भाषा, छपाई वगैरे पाहतात. मी बँकेतला कारकून. मी शेवटची ओळ पाहतो. 'हा पदार्थ चार माणसांना पुरेल.' इतके बेजबाबदार विधान छापील मजकुरात मला दुसरे आढळलेले नाही. कोणती चार माणसे? आमच्या शाखेतली, की आमच्या मेव्हण्याचे मित्र?

हा आक्षेप सुचला गव्हाणला, म्हणजे सासुरवाडीला. मेव्हण्याने ससा आणला होता. दचकू नका, रानातला नव्हे. रानससा मारणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हा पाळीव, पांढरा, मांसासाठीच वाढवलेला. सोबत एक इंग्रजी पाकपुस्तक. ते माझ्या हाती आले, कारण घरात बी. कॉम. मी एकटाच.

पुस्तक म्हणते, ससा एक, माणसे चार. तुकडे मात्र सहा : मागच्या तंगड्या दोन, पुढच्या दोन, पाठीचे दोन. चार माणसांत सहा तुकडे! असा ताळेबंद मी मांडला तर साहेब मला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवतील. त्यात मांस सगळे मागच्या तंगडीत आणि पाठीत. पुढची तंगडी म्हणजे नुसता देखावा. याबद्दल लेखक चकार शब्द काढत नाही.

कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७०ची. त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले आणि कित्येक नव्या सुना तरल्या. सिडकोही १९७०चीच. तिचे माप वेगळे, ते पुढे येतेच.

मी कागद घेतला. दोन किलोचा ससा, सोलून-साफ करून राहतो निम्मा, किलोभर. पाने आठ. माणशी १२५ ग्रॅम, म्हणजे बरोबर साडेबारा टक्के. आकडा ऐकताच सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. या गावात साडेबारा टक्के म्हणजे काय, हे पोरालाही ठाऊक. १९८४च्या जासईच्या लढ्यानंतर, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचे ठरले. त्यातले पावणेचार सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊच.

"हाडं त्यातच काय?" सासऱ्यांनी विचारले.

"त्यातच."

"मंग पावनेनऊच धरा," म्हणाले, आणि पुन्हा पेपरात शिरले.

सासूबाईंनी ना पुस्तक पाहिले ना कागद. सशाला चरबी नसते म्हणून वाटणात खोबरे वाढवले, चार बटाटे टाकले, रस्सा पातेल्याच्या काठापर्यंत नेला आणि तांदळाच्या भाकऱ्यांची चळत रचली. तंगड्या पोरांना, पाठ पाहुण्याला म्हणजे मला. पळी एकदाही अडखळली नाही. आठही जण ढेकर देऊन उठलो.

हात धुऊन पाणी मागायला आत गेलो, तर त्या चुलीपाशी बसून भाकरीने पातेले पुसत होत्या.

"आई, तुमचा तुकडा?"

"माजा तुकरा तुमच्या कागदाव होता काय, जावईबापू?" म्हणाल्या आणि हसल्या.

बाहेर येऊन खिशातला कागद काढून पाहिला. आठ नावे होती. पहिले माझे.