सरकणारं आतडं

आतून करायच्या सोनोग्राफीत काही सेकंदांचा एक प्रसंग येतो. डॉक्टरांच्या एका हातात प्रोब, दुसरा हात ओटीपोटावर. दोन्हींच्या मधे गर्भाशय हलकेच हलवायचं आणि त्याच्या पाठीवरून आतडं सरकतं का ते पडद्यावर पाहायचं. निरोगी पोटात ते सरकतं, ओल्या साबणावरून बोट फिरावं इतकं सहज. एंडोमेट्रिओसिसने, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराने, दोन्ही चिकटवून टाकली असतील, तर ती एकत्रच हलतात. या सरकण्याला स्लायडिंग साइन म्हणतात. मला तर सगळ्या तपासणीचा जीव इथेच वाटतो.

या तपासणीचे चार टप्पे ‘आयडिया’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली बांधून दिले. आधी गर्भाशय आणि अंडाशय पाहायचे. चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ, इथेच सापडते: आत सगळीकडे एकसारखा करडा धुरकटपणा, आणि डॉपलर लावला तर रक्तप्रवाह नाही. तिसरा टप्पा सरकण्याचा, चौथा आतडं, मूत्राशय आणि गर्भाशयामागचे बंध यांतल्या गाठींचा. पण दाद द्यावी ती दुसऱ्या टप्प्याला. प्रोबने दाबत जायचं आणि कुठे दुखतं ते विचारायचं. ‘पाळीत दुखायचंच’ म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसवलेली बाई ‘हां, इथेच’ म्हणते आणि ती जागा रिपोर्टात जाते. एमआरआय वरचा, लांबचा मुलूख छान दाखवतो, जुनं रक्त त्यात उजळून निघतं. पण तो तिला काही विचारत नाही.

आमच्या चौबे कॉलोनीत बायका सोनोग्राफीचा लिफाफा जपून ठेवतात. त्यातल्या फिल्मवर सिस्ट असते, सेंटिमीटर असतात. सरकणं कुठून असणार? ते रिपोर्टाच्या एका ओळीत उतरतं: स्लायडिंग साइन निगेटिव्ह. घरचे ‘निगेटिव्ह’ वाचून सुटकेचा श्वास टाकतात, आणि इथे तर त्याचा अर्थ चिकटलेलं, असा.

आजार किती पसरलाय हे मोजायची जुनी एक ते चार स्टेजची पद्धत पोट उघडल्यावर किंवा दुर्बीण घातल्यावर गुण देते, आणि आतड्यातल्या खोल गाठींना तीत नीट जागा नाही. २०२१ची एन्झियन पद्धत ऑपरेशनच्या आधीच स्कॅनवरूनही लिहिता येते. तिची लिपी अगदी आटोपशीर आहे. ‘ए’ म्हणजे योनी आणि गुदाशयामधला पडदा, ‘बी’ गर्भाशयामागचे आणि बाजूचे बंध, ‘सी’ गुदाशय. गाठ एक सेंटिमीटरच्या आत असेल तर १, तीनपर्यंत २, त्यापुढे ३. ‘बी १/३’ म्हणजे डावीकडे बारकी, उजवीकडे मोठी. ‘सी ३’ वाचलं की स्त्रीरोगतज्ज्ञाने आतड्याच्या सर्जनला आधीच बोलावून ठेवायचं, आणि आतड्याचा तुकडा काढावा लागेल का, हे बाईशी भूल देण्याआधी बोलायचं.

या आकड्यांत दुखणं मात्र मोजलेलं नाही. मोठी गाठ असूनही एखादी बिनधास्त हिंडते आणि बारीक डागांनी दुसरी अंथरुणाला खिळते. पोटाच्या अस्तरावरचे ते वरवरचे डाग स्कॅनमध्ये बहुधा दिसतच नाहीत. युरोपच्या ‘एश्रे’ संस्थेने २०२२ साली निदानासाठी सरसकट दुर्बीण घालणं मागे टाकलं. तरी स्कॅन स्वच्छ आणि औषधांनी दुखणं हटत नाही, अशांसाठी ती वाट मोकळी ठेवली.

खरा जाणकार ओळखायचा तो तपासणीच्या शेवटी. गाठीने मूत्रवाहिनी आवळली तर वरचं मूत्रपिंड फुगत जातं, कित्येकदा काही न दुखता. म्हणून तो आतला प्रोब ठेवल्यावर पोटावरचा प्रोब उचलतो आणि दोन्ही मूत्रपिंडं पाहून घेतो.