मूळ चित्र कोणतं?

मागच्या महिन्यात प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा गाइड मॅडमकडून परत आला. त्यात मी लिहिलं होतं, 'फेरफारानंतर क्लोन कन्सोलवर गेमचं मूळ चित्र पुन्हा दिसू लागतं.' शेजारी पेन्सिलीने दोनच शब्द होते: 'मूळ कोणतं?' जुने कन्सोल जपणाऱ्यांच्या लेखनात हे वाक्य सर्रास येतं, आणि मीही ते तसंच उचललं होतं. म्हणून आजची पोस्ट त्याच वाक्याची तपासणी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. निन्टेंडोचा फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेकांनी जो 'टीव्ही गेम' खेळला, तो बहुधा त्याची नक्कल, म्हणजे क्लोन होता. कॅसेट घालायची, अँटेनाच्या जागी वायर लावायची आणि मुंग्यांमधून मारिओ सापडेपर्यंत चॅनेल फिरवत बसायचं. माझ्याकडचा डबा मावशीच्या घरचा आहे. उघडला की आत एक छोटं सर्किट आणि त्यावर डांबरासारखा काळा ठिपका दिसतो. अख्खा कन्सोल त्या ठिपक्याखालच्या एका चिपमध्ये आहे.

ही चिप कंपोझिट व्हिडिओ सिग्नल देते. तो पत्र्याच्या डबीतल्या मॉड्युलेटरमध्ये जातो, तिथे टीव्हीच्या चॅनेलवर चढवला जातो आणि टीव्ही तो पुन्हा उतरवतो. या चढउतारात चित्र खराब होतं. उपाय सोपा आहे: मॉड्युलेटरच्या आधीच सिग्नल पकडायचा, ट्रान्झिस्टरच्या साध्या सर्किटमधून ७५ ओहमच्या केबलला पुरेल असा करायचा आणि पिवळ्या सॉकेटवर आणायचा. मुंग्या जातात. याला मी बिनधास्त दुरुस्ती म्हणेन, कारण गेम बनवणाऱ्या कुणालाही चित्रात मुंग्या नको होत्या.

अडचण पुढच्या पायरीवर येते. सर्वमान्य उतरंड अशी आहे: सगळ्यात वाईट आरएफ, मग कंपोझिट, आणि सगळ्यात 'शुद्ध' आरजीबी. बऱ्याच कन्सोलसाठी हे ठीक आहे, कारण त्यांच्या आत लाल, हिरवा, निळा असे वेगळे सिग्नल असतातच. पण फॅमिकॉमच्या २सी०२ या चित्र-चिपमध्ये ते नाहीतच. ती रंगछटा आणि उजेड निवडून थेट कंपोझिटच बनवते. आत दडलेलं जास्त शुद्ध चित्र नाही.

मग आरजीबी आणतात कसं? एक तर प्लेचॉइस-१० या आर्केड यंत्रातली २सी०३ चिप बसवतात, पण तिचे रंगच वेगळे आहेत. नाहीतर जास्तीचं सर्किट जोडतात, जे प्रत्येक रंग एका तक्त्यातून उचलतं, आणि तो तक्ता कुणीतरी आपल्या नजरेने ठरवलेला असतो. चित्र सुंदर दिसतं, यात वाद नाही. पण तो एक अन्वयार्थ आहे. त्याला 'मूळ' म्हणणं चूक आहे. आणि काळ्या ठिपक्याच्या क्लोनमध्ये हे दोन्ही मार्ग बंदच असतात, कारण वेगळी काढता येईल अशी चित्र-चिपच नसते.

समोरचा गट म्हणतो की धूसर चित्र हेच खरं. त्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे सोनिकमधला धबधबा. उभ्या पट्ट्या कंपोझिटमध्ये एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक वाटतं. मुद्दा खरा, पण तो मेगा ड्राइव्हचा आहे. तिथे एका ओळीत ३२० ठिपके असतात. फॅमिकॉममध्ये ते २५६ आणि म्हणून जास्त रुंद असतात, त्यामुळे तितक्या सहज मिसळत नाहीत. दुसऱ्या यंत्राचा पुरावा इथे चालवून घेणं हाही आळसच.

माझी खरी तक्रार मात्र दोन्ही गटांशी आहे. सगळी तुलना स्थिर फोटोंवर चालते. माझ्या क्लोनमधला क्रिस्टल २६.६ मेगाहर्ट्झचा, पॅल टीव्हीसाठीचा आहे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं. जपान-अमेरिकेतले गेम मात्र ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले. ते चालावेत म्हणून क्लोन बनवणाऱ्यांनी प्रत्येक चित्राच्या शेवटी रिकाम्या ओळी वाढवल्या. १९९२ पासून रशियात विकल्या गेलेल्या डेंडीमुळे ही पद्धत त्याच नावाने ओळखली जाते. परिणाम काय, तर गेम एक षष्ठांशाने मंद चालतो. संगीताची पट्टी जवळपास तीच राहते, लय मात्र रेंगाळते. माझ्या लहानपणीचा मारिओ असाच सावकाश उडी मारायचा. केबल कितीही चांगली लावली तरी हा फरक जात नाही आणि फोटोत तर दिसतच नाही.

मग 'मूळ' कोणतं? जपानमधलं चित्र, की मावशीच्या हॉलमधलं? माझ्या संशोधनासाठी दुसरं महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडच्या मुलांनी पाहिलं ते हेच. म्हणून मी फक्त पहिली पायरी केली. मॉड्युलेटर जागेवरच आहे. त्याच्याकडे जाणारी एक वायर सोडवली आहे आणि ती कधीही परत सोल्डर करता येईल. एकही ट्रॅक कापला नाही. आधीचं चित्र, मुंग्यांसकट, रेकॉर्ड करून ठेवलं.

प्रकरणातलं वाक्य आता असं आहे: 'फेरफारानंतर चिपचा कंपोझिट सिग्नल मॉड्युलेटरशिवाय पाहता येतो; रंग आणि वेग क्लोनचेच राहतात.' आधीच्यापेक्षा रुक्ष आहे खरं. पण आता मॅडमनी विचारलं, तर शब्दन् शब्द डबा उघडून दाखवता येईल.