हाक आणि समन्स

दलित आत्मकथनांचा विचार करताना आपल्या समीक्षेने भूक पाहिली, अपमान पाहिला, भाषेचा रांगडेपणा पाहिला. निरोप मात्र तिने पाहिला नाही. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) महारकीची जी कामे येतात, त्यांत निरोप पोचविणे हे एक मोठे काम आहे. मर्तिकाची खबर नेणे, दवंडी देणे, अंमलदारापुढे धावणे. गावाचा शब्द दारोदार नेणारा हा माणूस होता. पण तोच शब्द त्याच्यावर निघाला, तर तो त्याच्याकडे कोण घेऊन येत होते? कोणीही नाही. त्याला फक्त हाक येत होती. हाकेत तारीख नसते, तक्रार काय आहे ते नसते, आणि उत्तराला जागा तर नसतेच नसते. हाक आली की चावडीपुढे उभे राहायचे, एवढेच.

समन्स ही हाकेच्या नेमकी उलट गोष्ट आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ५ हा रूक्ष वाटणारा मजकूर या नजरेने वाचला पाहिजे. दाव्याची प्रत सोबत द्या, दिवस कळवा, शक्य तोवर प्रतिवादीच्या स्वतःच्या हाती द्या, त्याची सही घ्या, असे तो सांगतो. म्हणजे राज्यसत्तेने माणसाला बांधण्यापूर्वी त्याच्या दारापर्यंत चालत गेले पाहिजे. अधिकारक्षेत्राच्या नकाशात गाव येते म्हणून न्यायालयाने माणसाचे म्हणणे न ऐकता निकाल द्यावा, असे कायद्याला अभिप्रेत नाही. ज्याला शतकानुशतके कोणी 'तुझे म्हणणे काय' असे विचारले नाही, त्याच्या दृष्टीने हा कागद साधा नव्हे.

या कागदाची दोन्ही रूपे महाडला एकाच वेळी दिसली. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्यासंबंधी सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला. डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांना त्यांनी तथाकथित अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी केले. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. ज्यांना कोणी विचारले नव्हते असे हजारो लोक मोजक्या नावांच्या आडून बांधले गेले आणि २५ तारखेचा पाण्याचा सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. पण त्याच कागदाने बाबासाहेबांना पक्षकारही केले होते. पक्षकाराला उत्तर देता येते. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई उठली, १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. उत्तर द्यायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला, पण ते दिले गेले. ते देणारा बॅरिस्टर होता, हे मात्र विसरता येत नाही.

जो बॅरिस्टर नाही त्याचे काय?

वणीकडे पाहू. १९०५ पर्यंत हे नाव साऱ्या जिल्ह्याला होते. आज येथे दिवाणी न्यायालय आहे, भोवती कापूस आहे आणि कोळशाच्या खाणी आहेत. समजा, एखाद्या खेड्यातल्या वस्तीतला माणूस पाळीवर गेला आहे, किंवा काम शोधत चार महिने परगावी आहे. बेलीफ दुपारी येतो. नियम १७ म्हणतो की, वाजवी प्रयत्न करूनही प्रतिवादी सापडला नाही, तर प्रत घराच्या बाहेरच्या दारावर डकवावी. घर कोणी ओळखून दिले आणि कोणासमक्ष डकवले, हे अहवालात लिहावे. नियम चांगला आहे. पण गावात घर दाखवतो कोण? ज्याचा शब्द गावात चालतो तो. दावा सावकाराचा असेल, तर दाखविणाराही त्याच्याच ओट्यावरचा असू शकतो. वस्तीच्या तोंडाशी उभे राहून लिहिलेला अहवाल आणि दारापर्यंत जाऊन लिहिलेला अहवाल, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

दारात बाई उभी असते. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी दिवाणी समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडेच देता येत होते. ती दुरुस्ती झाली. फौजदारी समन्साबाबत मात्र 'प्रौढ पुरुष' हे शब्द १ जुलै २०२४ ला नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलात येईपर्यंत टिकून राहिले. जिने घर चालविले, तिला घरावर आलेला कागद हाती घेण्याचीही पात्रता नव्हती.

मग एकतर्फी हुकूमनामा होतो. त्यानंतर जप्ती येते आणि तिची जाहीर वर्दी ढोल वाजवून किंवा रूढ रीतीने द्यावी, असे संहिता सांगते. समन्स दारात पोचले नाही, पण ढोल पोचतो! तो पूर्वी कोणाच्या हातात होता, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

उपाय नाही असे नाही. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करून मागता येतो. पण १९७६ मध्येच कायद्याने असेही जोडले की, प्रतिवादीला तारीख ठाऊक होती आणि पुरेसा वेळ होता, तर बजावणीतील निव्वळ अनियमितपणावरून हुकूमनामा रद्द होणार नाही. यामागचे कारण खरे आहे. समन्स चुकविणारे बडे लोक कमी नाहीत. पण चुकविणारा आणि न सापडणारा हे दोन वेगळे प्रतिवादी आहेत, आणि दोघांच्या दारावर एकच कागद चिकटतो. 'त्याला ठाऊक होते' असे सांगायला गावात साक्षीदार सहज मिळतो. 'मला ठाऊक नव्हते' याला साक्षीदार कोठून आणायचा?

म्हणून बजावणी अर्धी राहिली, की समन्साची पुन्हा हाक होते. आपल्या कथा-नाटकांत न्यायालय येते ते बहुधा निकालाच्या दिवशी. अन्याय मात्र कित्येकदा त्याआधीच, बंद दारापाशी झालेला असतो. आपल्या लेखकाने त्या दारापाशी उभे राहावे. वस्तीतल्या शिकलेल्या पोरानेही बेलिफाचा अहवाल मागून वाचावा: घर कोणी दाखवले, साक्षीदार कोण, दिवस कोणता. निरोप नेणाऱ्यांच्या नातवंडांनी आता निरोप तपासायला शिकले पाहिजे.