एजॅक्स

ग्रीक महाकाव्यातील एक श्रेष्ठ वीर व सॉफोक्लीझच्या त्याच नावाच्या शोकात्मिकेचा नायक. मूळ ग्रीक नाव आयास. सॅलमिस बेटाचा राजा टेलमन याचा हा मुलगा. ट्रॉयच्या युद्धात याच नावाचा लोक्रिसचा आणखी एक योद्धा होता; त्याच्यापासून वेगळा ओळखण्यासाठी टेलमनपुत्रास ‘थोरला एजॅक्स’ म्हणतात. महाकाव्यातील वीर शोकात्मिकेचा नायक होतो म्हणजे नेमके काय घडते, याचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणून या व्यक्तिरेखेकडे पाहता येते.

होमरच्या इलिअडमध्ये एजॅक्स बारा जहाजे घेऊन ट्रॉयला येतो. अकिलीझच्या खालोखाल त्याचेच शौर्य मानले आहे. सात बैलांच्या कातड्यांचे थर व त्यांवर ब्राँझचा आठवा थर असलेली त्याची बुरुजासारखी ढाल ही त्याची खूण होय. त्याचे मोठेपण आक्रमणापेक्षा संरक्षणात अधिक दिसते. पंधराव्या सर्गात तो लांब भाला घेऊन ग्रीकांची जहाजे राखतो, तर सतराव्या सर्गात पट्रॉक्लसच्या प्रेताचे रक्षण करतो. त्या वेळी रणांगणावर दाटलेले धुके दूर करावे आणि मारायचेच असेल, तर निदान उजेडात मारावे, अशी प्रार्थना तो झ्यूसला करतो. सातव्या सर्गातील हेक्टरशी त्याचे द्वंद्व अनिर्णित राहते व दोघे परस्परांना भेटी देतात : एजॅक्स कमरपट्टा देतो, हेक्टर तलवार. या तलवारीला पुढे भयंकर अर्थ प्राप्त झाला.

अकिलीझच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे एजॅक्सऐवजी ओडिस्यूसला मिळाली आणि त्या अपमानातून एजॅक्सचा अंत ओढवला. ओडिसीच्या अकराव्या सर्गात मृतांच्या लोकी ओडिस्यूस त्याची समजूत घालू पाहतो. परंतु एजॅक्सची छाया एक शब्दही न बोलता निघून जाते. उदात्ततेविषयीच्या प्राचीन ग्रंथात लाँजायनसने हे मौन कोणत्याही वक्तव्यापेक्षा थोर ठरविले आहे. पिंडरने आपल्या विजयगीतांत या निर्णयाचा दोष मत्सराला व फसव्या वाणीला दिला. इ. स. पू. सहाव्या शतकातील कलशचित्रकार एक्सीकियास याने आत्महत्येची घटना न रंगविता, जमिनीत तलवार रोवणारा एकाकी एजॅक्स रंगविला. अथेन्सच्या दहा गणांपैकी एकाला एजॅक्सचे नाव होते आणि इ. स. पू. ४८० मधील सॅलमिसच्या आरमारी लढाईपूर्वी ग्रीकांनी त्याला आवाहन केले होते, असे हीरॉडोटस सांगतो. म्हणजे अथेन्सच्या प्रेक्षकांना तो केवळ कथेतील नव्हे, तर पूज्य वीर होता.

या वीराला सॉफोक्लीझने (इ. स. पू. सु. ४९६–४०६) प्रथम रंगमंचावर आणले ते वेडाच्या भरात. शस्त्रांच्या निवाड्याने संतापलेला एजॅक्स रात्री ग्रीक सेनापतींना मारावयास निघतो; पण अथीना त्याची बुद्धी भ्रष्ट करते व तो गुरांची कत्तल करतो. देवता ओडिस्यूसला हे दृश्य दाखवून शत्रूला हसण्यास सुचविते. ओडिस्यूस मात्र हसत नाही. एजॅक्सच्या दैवात त्याला आपलेच दैव दिसते. शुद्धीवर आलेल्या एजॅक्सला कृत्याच्या क्रौर्यापेक्षा त्यातील हास्यास्पदता असह्य होते. युद्धात जिंकून आणलेली त्याची सहचारिणी टेक्मेसा त्याची विनवणी करते. इलिअडमधील हेक्टर व अँड्रोमॅकी यांच्या संवादाचे पडसाद तीत स्पष्ट आहेत. परंतु हेक्टरची कोमलता एजॅक्सजवळ नाही. मुलाला तो आपली ढाल देतो, धीर देत नाही.

नाटकाच्या मध्यावरील एजॅक्सचे भाषण सर्वाधिक वादग्रस्त ठरले आहे. हिवाळा उन्हाळ्याला वाट करून देतो, रात्र दिवसासाठी मागे सरते, तेव्हा आपणही नमते घ्यावयास शिकू, असे तो म्हणतो. कोरस आनंदित होतो. एजॅक्स समुद्रकाठी जाऊन हेक्टरच्या तलवारीवर देह टाकतो. ही फसवणूक की खरेच मतपरिवर्तन, याविषयी मतभेद आहेत. बर्नार्ड नॉक्स याने १९६१ मध्ये हे मूलतः स्वगत असल्याचे मत मांडले. एजॅक्सला परिवर्तनाचा नियम कळतो आणि म्हणूनच त्या नियमाच्या जगात आपल्याला जागा नाही हेही कळते, असा अर्थ घेतल्यास भाषण व मृत्यू यांत विसंगती उरत नाही.

आत्महत्येनंतर नाटकाचा सु. एकतृतीयांशाहून अधिक भाग प्रेताच्या दफनावरील वादाने व्यापला आहे. त्यामुळे नाटक दुभंगल्याचा आक्षेप जुना आहे. तो पूर्णतः ग्राह्य नाही. मेनेलेअस व ॲगमेम्नॉन यांच्या क्षुद्र बोलण्यामुळेच मृताची उंची जाणवते. प्रेतांचे रक्षण करणाऱ्या वीराचे प्रेत आता त्याचा सावत्र भाऊ ट्यूसर राखीत असतो आणि दफनाचा हक्क मिळवून देतो तो शत्रू ओडिस्यूस. आज आपण ज्याला दफन नाकारू, त्याच्यासारखीच वेळ उद्या आपल्यावर येईल, ही त्याची भूमिका. तरीही ट्यूसर त्याला प्रेताला हात लावू देत नाही. एजॅक्सचा नकार मरणानंतरही पाळला जातो.

ॲरिस्टॉटलने एजॅक्सविषयक नाटकांचा समावेश क्लेशप्रधान शोकात्मिकांत केला. देवाच्या साहाय्याशिवाय यश मिळविण्याची एजॅक्सची प्रौढी हा त्याचा अपराध म्हणून नाटकात सांगितला आहे; तथापि केवळ गर्वाची शिक्षा असे या नाटकाचे तात्पर्य काढणे अपुरे ठरेल. ज्या न ढळण्यामुळे त्याने जहाजे राखली, तेच न ढळणे त्याच्या नाशाचे कारण होते. युद्धाला असा माणूस हवा असतो. शस्त्रांचा निवाडा मतांनी करणाऱ्या समाजाला तो पेलत नाही. ओडिस्यूसची लवचीक, सहानुभूतिशील बुद्धी नव्या नागरी जीवनास आवश्यक आहे, हे सॉफोक्लीझ मान्य करतो. पण तिच्या विजयात काय गमावले, हेही तो विसरू देत नाही. एकविसाव्या शतकात अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांपुढे या नाटकाची वाचने झाली. वीराचा गौरव करणारा समाज त्याच्या मानसिक जखमांची जबाबदारी घेतो काय, हा त्यातील प्रश्न अद्यापि अनुत्तरित आहे.