बुद्धी आणि वेठ

रोबो म्हटला की डोळ्यांपुढे पत्र्याचा डबा उभा राहतो. पण कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' नाटकातला मूळ रोबो कारखान्यात रसायनं कालवून, कणकेसारखा मळून करतात! धाटावला रासायनिक कारखान्यांच्या शेजारी बसून हे वाचताना अंमळ दचकायला होतं. न जाणो, पलीकडच्या पिंपात कोण शिजत असेल!

नाटक तसं बडबडं. मंडळी उठल्यासुटल्या भाषणं ठोकतात, आणि रोबोंनी माणसं संपवल्यावर शेवटी तोडगा कसला, तर प्रेमाचा! खरी गंमत शब्दांत आहे. कारखानदार रॉसम; चेक भाषेत 'रोझुम' म्हणजे बुद्धी. आणि 'रोबोटा' म्हणजे चक्क वेठ!

वेठ आपल्याला शिकवायला नको. याच जिल्ह्यात, चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ शेतं पडीक ठेवून संप केला. त्यांना नांगराची भीती नव्हती. भांडण खोताशी होतं. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेला अक्कल आहे का, हे सावकाश ठरवू. आधी एवढंच विचारू या : बाईसाहेब, तुमचा खोत कोण?