बेट्सचीं फुलपाखरें आणि ‘सोंग’ हा शब्द

हेन्री वॉल्टर बेट्स याचा १८६२ सालीं प्रसिद्ध झालेला निबंध वाचकांनीं मुद्दाम मिळवून वाचावा. मात्र त्याच्या नांवावर जाऊं नये. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यांतील कीटकांच्या माहितींत भर, एवढाच बोध त्या नांवावरून होतो. १८६३ सालीं डार्विननें आपलें नांव न घालतां त्याचें परीक्षण लिहिलें, हें फार बरें केलें. जातींचीं लांबलचक वर्णनें ओलांडल्याखेरीज गाभ्याशीं पोंचतां येत नाहीं, हा दोष उघड आहे.

अकरा वर्षें त्या अरण्यांत काढलेल्या या गृहस्थास असें दिसलें कीं, भडक रंगाचीं, संथ उडणारीं कांहीं फुलपाखरें थव्यांनीं हिंडतात, तरी पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहींत. त्याच थव्यांत, पांढऱ्या फुलपाखरांच्या कुळांतलीं पण हुबेहूब त्यांच्याच रंगाचीं, अशीं थोडीं फुलपाखरें मिसळलेलीं असत. उडतांना तीं खुद्द बेट्सलाही निराळीं ओळखूं येत नसत. पहिलीं बेचव म्हणून वांचतात आणि दुसरीं त्यांच्या रूपामुळें वांचतात, असा त्यानें तर्क केला. एकदां पानांतून पुढें आलेली एक मोठी अळी पाहून साप समजून तो दचकला. ती त्यानें गांवांत नेली, तेव्हां पाहणारे सारेच घाबरले! असा जिवंत प्रसंग शास्त्रीय निबंधांत क्वचितच आढळतो.

परंतु निबंधाचें खरें मोल आम्हांस पुढेंच दिसतें. हें रूप घडविलें कोणीं? फुलपाखरानें नव्हे, आपले पंख कसे दिसतात याची त्याला गंधवार्ताही नसते. ज्यांचें साम्य अपुरें पडलें तीं पक्ष्यांनीं खाल्लीं, ज्यांचें अधिक जुळलें तीं उरलीं, आणि असें पिढ्यान् पिढ्या चाललें. चित्रकार म्हणावयाचा तर तो खाणारा पक्षीच!

आमच्याकडील निसर्गवर्णनांत मात्र फुलपाखरूं ‘सोंग घेतें’ आणि सरडा ‘शत्रूस फसवितो’. बहुरूप्यास आपण खरे फौजदार नाहीं हें ठाऊक असतें. फुलपाखरास काय ठाऊक असतें? मुलांना ही भाषा गोड लागते हें आम्हांस मान्य आहे. पण ती एकदां मनांत बसली म्हणजे निवडीचें तत्त्व समजावून देणें दुरापास्त होतें. बेट्सही सर्वस्वी निर्दोष नाहीं; त्यानें रूढ केलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थही ‘नक्कल’ असाच आहे.

या शब्दानें विद्वानांसही चकविलें. उत्तर अमेरिकेंतील व्हाइसरॉय हें फुलपाखरूं बेचव मोनार्कची नक्कल करणारें, स्वतः मात्र रुचकर, असें पुस्तकांतून दीर्घकाळ शिकविलें गेलें. १९९१ सालीं संशोधकांनीं दोहोंचे पंख काढून नुसतीं धडें पक्ष्यांपुढें ठेविलीं. पक्ष्यांनीं मोनार्कइतकींच व्हाइसरॉयचींही नाकारलीं.