मुद्रणप्रत आणि आपली बोली

मुद्रणप्रत नेटकी हवी: कागदाच्या एकाच बाजूस मजकूर, ऐसपैस समास, पानोपानी क्रमांक. ही शिस्त आपण पाळलीच पाहिजे. पण नेटकेपणाच्या नावाखाली भाषा 'शुद्ध' केली जाते, तेथे सावध राहावे. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी 'केलं', 'असं' ही रूपे पात्राच्या तोंडी चालवून घेतली. निवेदनाला 'केले', 'असे' ठरवून दिले. दलित आत्मकथनात निवेदक हेच पात्र असते. मग नियम कोठे लावणार? १९७८ साली 'ग्रंथाली'ने दया पवारांचे 'बलुतं' काढले. त्याचे 'बलुते' झाले असते तर मुखपृष्ठावरच वस्तीचा आवाज दबला असता. नवी मुंबईतल्या आमच्या नव्या लेखकांनी हस्तलिखित जुळणीला देताना वर स्पष्ट लिहावे: चुका सुधारा, बोली तशीच ठेवा.